एकट्यानं पाहिलेला हिरा

शेषरावांच्या अंगठ्याला ठसा नव्हता. जळगाव जामोदमधल्या आमच्या गल्लीच्या रेशन दुकानात हे सगळ्यांना पाठ होतं. त्यांचा नंबर आला की दुकानदार यंत्र पुढे सरकवायचा. शेषराव आधी उजवा अंगठा टेकवायचे, मग डावा, मग एकेक करून सगळी बोटं, आणि यंत्र दर वेळी नाही म्हणायचं. मागे पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या बायका चुळबुळ करायच्या. कुणी नवखी असली तर विचारायची, "काय झालं हो बाबा बोटाइले?"

"ठसे सुरतले राह्यले," शेषराव म्हणायचे. "मी एकटाच वापस आलो."

मग दुकानदार डोळे तपासणारं दुसरं यंत्र काढायचा आणि तिथे एकदाची त्यांची ओळख पटायची.

सव्वीस वर्षं शेषरावांनी सुरतेत हिऱ्यांना पैलू पाडले. अठराव्या वर्षी नांदुऱ्याहून रेल्वेत बसले ते केस पांढरे व्हायला लागल्यावर परतले. मधे गरगर फिरणारं लोखंडी चाक, त्यावर तेल आणि हिऱ्याचीच भुकटी, भोवती चार माणसं. त्या चाकाला तिथे घंटी म्हणतात. मोहरीएवढा खडा घंटीवर टेकवायचा, उचलायचा, भिंगातून पाहायचा, पुन्हा टेकवायचा. दिवसभर तेच. त्यात बोटांच्या रेषा गेल्या, आणि नजर कमी पडायला लागली तेव्हा कामही गेलं.

मी त्या गावच्या शाळेत मराठी शिकवायला आले तेव्हा भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्यांच्या शेजारच्या दोन खोल्या त्यांच्या होत्या. मधे सामाईक अंगण आणि एक नळ. माझे यजमान नोकरीनिमित्त चिखलीला, घर उंद्रीला. मी दर शनिवारी बस पकडायची आणि सोमवारी परत यायची. शेषरावांना कुठेच जायचं नसायचं. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ते मला मॅडम म्हणायचे, मी त्यांना भाऊ.

त्यांच्या सवयी सगळ्या त्या कारखान्यातून आलेल्या. कुठलीही वस्तू पाहायची तर एक डोळा मिटायचा. उत्तरेच्या खिडकीशी त्यांची बसायची जागा होती, कारण उत्तरेचा उजेड खोटं दाखवत नाही असं त्यांचं म्हणणं. बाजारातून आणलेला कांदा असो, विजेचं बिल असो, की माझ्या पुतणीसाठी आलेला मुलाचा फोटो, "उजेडात आना" हे त्यांचं पहिलं वाक्य. पुतणीच्या स्थळाचा फोटो त्यांनी खिडकीत धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. फोटो काढणाऱ्यानं गोरं केलं, त्याचा दोष नाही."

गल्लीतल्या बायका त्यांच्याकडे तुरीची डाळ निवडायला ठेवून जायच्या. पितळेची परात मांडीवर घेऊन, चिमट्यानं एकेक खडा बाजूला काढत ते तासन् तास बसायचे. त्यांच्या हातची डाळ कुणाच्या दाताखाली कधी कचकन वाजली नाही. बदल्यात कुणी भाजी आणून द्यायचं, कुणी भाकरी. त्यांच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांमध्ये डाळ ठेवणारे आणि डाळ नेणारे एवढेच. डाळ घेऊन बाई गेली की पुन्हा अंगण शांत. संध्याकाळी मी शाळेतून आले की ते "आल्या का मॅडम" म्हणायचे, मी "आले" म्हणायची. कित्येक दिवस आमच्यात तेवढंच बोलणं व्हायचं.

हिऱ्यांबद्दल ते आपणहून फार बोलत नसत. विचारलं तर सांगायचे. एकदा म्हणाले, "आमच्या कारखान्यात एक कॅलेंडर होतं. त्याच्यात एक गोरा माणूस एका बाईपुढं गुडघ्यावर बसलेला. हातात अंगठी. आम्हाले वर्षभर वाटे, याचं काही तरी खाली हरपलं अन् हा हुडकून राह्यला. मग एका गुजरात्यानं सांगतलं, तो तिले लग्नाचं इचारते. आम्ही लय हासलो." मग म्हणाले, "आमच्या हातून रोज खडे जायचे. कोणाच्या बोटात जाऊन बसतात, ते काही आम्ही कधी पाह्यलं नाही."

आता ते पाहायला मिळत होतं. आमच्या भागातही साखरपुड्यात हिऱ्याच्या अंगठीची टूम निघाली होती. सातपुड्याच्या पायथ्याशी जाऊन लग्नाआधीचे फोटो काढायचे, त्यात मुलानं गुडघ्यावर बसायचं, हे इथल्या मुलांनाही ठाऊक झालं होतं. आणि अंगठी आली की शंका आलीच. मग कुणीतरी सांगायचं, सुरतवाल्या शेषरावांकडे ने, ते एका नजरेत सांगतील.

पण शेषरावांची एक अट होती. "दोघं या. दोघं आले तं पाहीन."

एकट्या मुलीला ते अंगठी पाहून द्यायचे नाहीत, एकट्या मुलालाही नाही. एका मुलाचे वडील, गावातले चांगले बागायतदार, मुलीकडच्यांनी दिलेली अंगठी घेऊन आले. शेषरावांनी अंगठीला हातही लावला नाही. "पोरगा-पोरगी दोघाइले पाठवा," म्हणाले. बागायतदारांना अपमान वाटला. अंगणात उभं राहून ते बरंच बोलले. तुम्ही मोठे जवाहिरे लागून गेले काय, असंही म्हणाले. शेषराव परातीतली डाळ निवडत राहिले. ते गेल्यावर मी विचारलं, "भाऊ, सांगून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"एकट्यानं पाह्यलं की माणूस मनातल्या मनात काही बी ठरवते," ते म्हणाले. 

पल्लवी आली ती हिवाळ्यातल्या एका रविवारी. मी त्या आठवड्यात गावी गेले नव्हते. पल्लवी आमच्याच गल्लीतली, कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवणारी. तिचा साखरपुडा नांदुऱ्याच्या अमोलशी झाला होता. अमोलचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. आधी ती एकटी येऊन अट ऐकून गेली होती. या वेळी अमोलला घेऊन आली. मी नळावर कपडे धूत होते, दार उघडं होतं, सगळं समोरच घडलं.

शेषरावांनी दोघांना चटईवर बसवलं. खिडकीशी पांढरा कागद अंथरला. अंगठी कागदावर ठेवायला सांगितली. भिंग हातात घेतलं, पण डोळ्याला लावलं नाही.

"पाहू? दोघाइनं हो म्हणा."

"हो," पल्लवी म्हणाली.

अमोलची नजर कागदावर. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मग म्हणाला, "नका पाहू काका. खोटा हाय तो."

 अमोलच पुढे बोलला, तिच्याकडे न पाहता. "खामगावात मी घ्यालेच गेलो होतो. मंग हा दिसला, सेम दिसे. साखरपुड्यात तुह्या मावशीनं सगळ्याइसमोर इचारलं, खरा हाय ना, तं मी हो म्हणून गेलो. मंग ते तसंच राह्यलं."

पल्लवी म्हणाली, "मले माहीत होतं."

"कवापासून?"

"त्याच दिवशी. तू मावशीले सांगत होता तवा तुह्या आवाजावरून समजलं. मले खडा नव्हता पाहाचा अमोल. तू सांगतो का नाही, ते पाहाचं होतं."

ती कागदावरची अंगठी उचलून बाहेर गेली. तो मागून गेला. अंगणाबाहेर त्याची मोटारसायकल उभी होती. तिच्याजवळ ती दोघं कितीतरी वेळ भांडत होती. एकदा ती रडली, एकदा तो रडला. शेवटी ती मागे बसली आणि दोघं गेली. त्यांचं लग्न ठरल्या तारखेला झालं हे इथेच सांगून टाकते. त्या क्षणी मात्र ते काही कुणाला माहीत नव्हतं.

मी कपडे पिळून वर पाहिलं तर शेषराव तसेच बसलेले. समोर कोरा कागद. भिंग मुठीत.

"चहा ठेवू का भाऊ?" मी दारात जाऊन विचारलं.

"मॅडम, असं बी होते," ते म्हणाले. "बोलून टाकलं तं असं बी होते."

मग मी उंबऱ्यावर बसले आणि त्यांनी मला कमलबद्दल सांगितलं. इतक्या महिन्यांत त्यांच्या तोंडून बायकोचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

कमल पिंपळगाव राजाची. लग्न झालं तेव्हा ते सुरतेला एका खोलीत आठ जण राहत. तिला नेणार कुठे? ती इथे सासू-सासऱ्यांजवळ राहिली. दिवाळीला ते पंधरा दिवस यायचे. नव्या लग्नात तिनं एकदा हसत विचारलं होतं, "दिवसभर हिरेच घासता ना? मंग माह्यासाठी एखांदा तं आना." ते त्यांनी मनात धरून ठेवलं. कारखान्यात खडे मोजून द्यायचे आणि मोजून घ्यायचे. तोंडात खडा लपवलेल्या एका कारागिराला त्यांच्या डोळ्यांदेखत हाकललेलं. तसला विचारही त्यांच्या मनाला शिवला नाही. दहा वर्षं पुरी झाली तेव्हा शेठ जुन्या कारागिरांना मिक्सर भेट देत होता. शेषरावांनी मिक्सर नको म्हटलं. मिक्सरऐवजी एक बारका, डागी खडा मागितला. शेठ हसला, पण दिला. सुट्टीच्या दिवशी कारखान्यात जाऊन त्यांनी स्वतः त्याला पैलू पाडले. आत एक काळा टिपका होता, तो भिंगाशिवाय दिसायचा नाही. नांदुऱ्याच्या सोनारानं तो नाकातल्या चमकीत बसवून दिला.

"तिनं नाकात घातली तं बाया म्हणत, बजारातली हाय. कोणाले पटेच ना. कमल म्हने, नाही पटलं तं नाही. मले माहीत हाय ना."

पुढच्या दिवाळीला ते आले. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, आणि तीन पावलांवरून त्यांना कळलं की नाकात आहे तो खडा त्यांचा नाही.

"खोटा खडा रंग जास्त फेकते, मॅडम. खऱ्याचा उजेड पांढरा असते. मले भिंग लागलंच नाही."

"मग तुम्ही विचारलं नाही?"

"नाही. म्हटलं, इकली असन. तिच्या माहेरी अडचण होती, तठी दिली असन. माह्या मनात आलं, आपन इचाराचं नाही. आपन मोठं मन कराचं." ते थोडं हसले. "मोठं मन काय, मॅडम. राग होता तो. मी त्याले दुसरं नाव देलं."

आणि मग कमल बदलली. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढायची. जेवायला वाढताना तोंड वळवायची. झोपतानाही भिंतीकडे. त्यांनी मनाशी अर्थ लावला की आपण हिला नकोसे झालो. मग ते एखादी दिवाळी टाळायला लागले. अशी पंधराएक वर्षं गेली. ते कायमचे परत आले तेव्हा घरात ती दोघंच होती, आणि बोलणं जेवणापुरतं. दीड वर्षात तिला कावीळ झाली. दवाखान्यात तिनं एका दुपारी त्यांचा हात धरला. "तुमच्यासंग एक बोलाचं होतं," म्हणाली.

"मी म्हटलं, आराम कर, घरी जाऊन बोलू." शेषरावांनी कोऱ्या कागदाची घडी घातली. "नर्सनं कागदात बांधून चमकी हातात देली. तेवढीच घरी आली."

पुढच्या रविवारी ते सकाळीच तयार होऊन माझ्या दारात उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. पिंपळगाव राजाला कमलची थोरली बहीण शांताबाई राहत होती. बारा वर्षांत ते तिकडे फिरकले नव्हते. "तिले माहीत असन, चमकीचं काय झालं. चाला मॅडम संग. मले एकट्याले बोलता येनार नाही."

शांताबाईंचं घर रस्त्यालाच लागून होतं. पुढे सारवलेला ओटा. साठीच्या पुढच्या, नवरा गेलेला, मुलगा अकोल्याला. त्यांनी पाहुण्यांना ओळखलं, पाणी दिलं, चहाला आधण ठेवून बाहेर येऊन बसल्या. मी कोण ते विचारून घेतलं. शेषरावांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि उलगडून दोघांच्या मधे ठेवली.

"ताई, हे खोटी हाय."

शांताबाई पाहत राहिल्या. "कवा समजलं तुमाले? कमल गेल्यावर?"

"नाही. ज्या दिवाळीले पाह्यली त्याच दिवशी."

"पहिल्याच दिवशी?"

"हाव."

"अन् तिले बोलले नाही?"

"मले वाटलं, इकली असन."

"इकली?" शांताबाईंचा आवाज खाली आला. "माह्या वावरात हरपली ते. कापूस येचाले आलती माह्याकडं. पऱ्हाटीले पदर अडकला, तो सोडवता सोडवता नाकातून निसटली. आम्ही दोघी बहिनी महिनाभर माती चाळत होतो. गव्हाच्या चाळनीनं. लोकं म्हनत, या बाया याड्या झाल्या. मंग बजारातून हे आनली. कमल म्हने, त्याइनं मिक्सर सोडून मले खडा आनला, आता कोन्या तोंडानं सांगू. दर साली म्हने, औंदा सांगीन. तुमच्याकडं नाकाचं डावं अंग येऊ द्याची नाही. कारागीर मानूस, पाह्यलं की समजन, म्हने."

"मले वाटलं, मी नकोसा झालो तिले."

 रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, तो लांब जाईपर्यंत त्याचा आवाज ऐकू येत राहिला. मग शांताबाई म्हणाल्या, "बोलले काऊन नाही हो तिले? एवढे वर्ष ते जीव मुठीत घेऊन राह्यली. एक शब्द तं बोलाचा होता."

 शांताबाई उठल्या आणि आत गेल्या. आम्ही वाट पाहत राहिलो. आतून आधी दूध उतू गेल्याचा वास आला, मग करपल्याचा. त्या बाहेर आल्या नाहीत. शेवटी आम्ही उठलो. शेषरावांनी पुडी उचलली नाही, तिथेच ठेवली.

परतीच्या बसमध्ये खामगाव येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते. मग एवढंच म्हणाले, "चाळनीनं, म्हने."

त्यानंतर ते महिन्यातून एकदा पिंपळगाव राजाला जायला लागले. जाताना गल्लीत निवडलेली डाळ नव्हे, स्वतः विकत आणून निवडलेली तूरडाळ पिशवीत घालून न्यायचे. पहिल्यांदा शांताबाईंनी दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा उघडलं, डाळ घेतली आणि लावून घेतलं. तिसऱ्यांदा ते जाऊन आले तेव्हा मी अंगणातच होते. "आज पानी देलं," त्यांनी सांगितलं. पुढे एकदा जेवू घातलं. एकदा कमलच्या लहानपणीचं काहीतरी सांगितलं, ती विहिरीत पोहायला शिकली ते. ते मला सांगताना शेषराव बरोबर शांताबाईंच्याच शब्दांत सांगत होते. बायको पोहायची हे त्यांना माहीतच नव्हतं. ते दोनदा म्हणाले, "मले माहीतच नव्हतं, मॅडम."

पल्लवीच्या लग्नाला ते गेले. मागच्या खुर्चीवर बसले, जेवले आणि कुणाला न सांगता घरी आले. अंगठ्या पाहायला त्यानंतर त्यांनी सगळ्यांनाच नकार दिला, दोघं आले तरी. आता डोळ्यांनी दिसत नाही म्हणायचे. खरंही होतं ते. परातीतली डाळसुद्धा बोटांनी चाचपून निवडायला लागले होते.

त्या उन्हाळ्यात माझी बदली चिखली तालुक्यात झाली. निघताना त्यांनी माझं सामान टेम्पोत चढवायला मदत केली. "येत जा मॅडम," म्हणाले. येईन म्हटलं. गेले नाही. दोन-तीन वेळा फोन केला, तो त्यांना नीट ऐकू यायचा नाही.

पुढच्या वर्षी माघात मी एका लग्नाला जात होते. खामगावला बस बदलली. ती पिंपळगाव राजाला थांबली. खिडकीतून पाहिलं तर रस्त्यापलीकडच्या ओट्यावर शेषराव बसलेले. फार वाळले होते. शेजारी पिशवी. दाराला कुलूप. मी हाक मारली, पण बसचं इंजिन चालू होतं आणि अंतरही बरंच होतं. उतरावं की काय या विचारात मी अर्धी उठले. तेवढ्यात एक बाई चढून माझ्या शेजारी येऊन बसली. मी तिला विचारलं, "ते ओट्यावरचे बाबा, घरात कुणी नाही का?"

"शांताबाई दिवाळीपासून पोराकडं गेली अकोल्याले," ती म्हणाली. "तब्बेत बरी नसते तिची. आता शांताबाई काही येत नाही इकडं. बाबाले सांगतलं आम्ही दोन-तीन डाव. हाव म्हनतात. तरी येतात. दुपारभर बसतात अन् चारच्या गाडीनं जातात."

कंडक्टरनं घंटी मारली. मी पुन्हा मान वळवून पाहिलं. शेषराव रस्त्याकडे पाठ करून, त्या बंद दाराकडे तोंड करून बसले होते. हात थोडे पुढे, मान किंचित कललेली. बस थोडी पुढे सरकली तेव्हा बाजूनं त्यांचे ओठ हलताना दिसले. काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही.